सही दिवाळीत झाली, मुदत १३ जानेवारीला संपते

प्रश्न : जळगाव एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात जून २००४ पासून लूमवर आहे. वय ५३. अमळनेरहून रोज ये-जा करतो. नवे मॅनेजर आल्यापासून पन्नाशीपुढच्या माणसांना सारखं ऐकवणं चाललंय. आमचा शिफ्टवाला तर सगळ्यांसमोर म्हणतो, ‘आप्पा, तुमनं वय व्हयनं आते, घर बठा.’ ऑफिसच्या ग्रुपवर ‘फिफ्टी प्लस की लिस्ट भेजो’ असा मेसेजही आला होता. १५ ऑक्टोबरला बोनस वाटताना आम्हा अकरा जणांच्या दोन इंग्रजी कागदांवर सह्या घेतल्या. परवा मुलाने कागद वाचला, तर त्यात नोकरी ३१ मार्चला संपेल असं लिहिलंय. वयावरून भेदभाव करू नये असा कायदा आहे का? मार्चमध्ये काढलं तर काय करायचं, याची तयारी आतापासून करावी म्हणतो.

उत्तर : भाऊ, मार्चची वाट पाहू नका. तुमच्या हातात या आठवड्याचेच दिवस आहेत.

खासगी कारखान्यात वयावरून भेदभाव करू नये, असं थेट सांगणारा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. संविधानातलं समानतेचं कलम सरकारी नोकरीत कामाला येतं, आणि त्यातही कलम १६(२) मधल्या कारणांत धर्म, जात, लिंग, जन्मस्थान आहे, वय नाही. त्यामुळे ‘वय झालं म्हणून काढताहेत’ एवढ्या एकाच मुद्द्यावर केस उभी करायला गेलात तर पहिल्याच तारखेला अडचणीत याल. धुळ्याहून, भुसावळहून, शहाद्याहून मला अशीच पत्रं येतात. कुठे दालमिल, कुठे जिनिंग, कुठे गाड्यांची शोरूम. माणसं वयाबद्दल विचारतात आणि ज्या कागदावर सही केली त्याचा उल्लेख शेवटच्या ओळीत करतात. निकाल त्या कागदावरच लागायचा असतो.

तुमच्या मुलाने पाठवलेला फोटो मी मोठा करून पाहिला. दुसऱ्या पानावर, रजेच्या आणि गणवेशाच्या कलमांच्या मध्ये एक वाक्य आहे : ही नेमणूक ठरावीक मुदतीची असून ३१ मार्च रोजी आपोआप संपुष्टात येईल. खाली तुमची मराठी सही. सहीखालची तारीख वेगळ्या शाईत आणि वेगळ्या अक्षरात आहे. ती तुम्ही घातलेली नसेल, तर ही गोष्ट वकिलाला सगळ्यात आधी सांगा.

त्या एका वाक्याने काय केलं ते समजून घ्या. कायम कामगाराला कमी करायचं तर मालकाला महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार, आणि प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांच्या सरासरी पगाराची भरपाई द्यावी लागते. शिवाय शेवटी आलेला आधी जातो, हा नियम पाळावा लागतो. २००४ चा माणूस काढून २०१९ चा ठेवला, तर कारण लेखी द्यावं लागतं. पण मुदतीची नेमणूक मुदत संपून गेली, तर कायदा तिला कपातच मानत नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात ही सूट १९८४ मध्ये घातली गेली, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही ती आहे. म्हणजे मार्चमध्ये तुम्हाला कोणी ‘काढणार’ नाही. नोटीस येणार नाही, चौकशी होणार नाही. १ एप्रिलला गेटवर तुमचं कार्ड चालणार नाही, एवढंच.

एकवीस वर्षं नोकरी केलेला माणूस बोनसच्या रांगेत उभा राहून न वाचता सही करतो, याचा मला मनापासून राग येतो. घरात वाचणारा मुलगा आहे. कागद एक रात्र घरी न्यायचा होता. देत नसतील तर फोनवर फोटो काढायचा होता. अडीच महिने तो पेटीत ठेवून तुम्ही स्वतःचंच नुकसान केलं आहे. असो, ते झालं.

आता मुदतीकडे या. महाराष्ट्रात १९७१ चा कामगार संघटना मान्यता आणि अनुचित कामगार प्रथा प्रतिबंध कायदा आहे. त्याच्या चौथ्या अनुसूचीतल्या पाचव्या बाबीनुसार, गुणवत्ता न पाहता कामगारांच्या एका गटाला झुकतं माप देणं ही अनुचित प्रथा आहे. अकरा जणांची सही घेतली, अकराही पन्नाशीपुढचे, आणि त्याच लूमवरच्या पंचविशीतल्या पोरांची नोकरी कायम. तुमच्या वयाचा मुद्दा कायद्यात शिरतो तो या दारातून. पण कलम २८ प्रमाणे तक्रार प्रथा घडल्यापासून ९० दिवसांत करावी लागते. १५ ऑक्टोबरपासून नव्वदावा दिवस १३ जानेवारीला येतो. तुमचं पत्र मला जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मिळालं. सबळ कारण दिलं तर न्यायालय उशीर माफ करू शकतं, आणि ‘कागद इंग्रजीत होता, समजावून सांगितला नाही’ हे कारण मांडता येईल. पण जो उशीर टाळता येतो तो माफ करून घ्यायच्या भरवशावर राहू नका. समोरचा वकील पहिली दोन वर्षं त्याच मुद्द्यावर काढेल.

दुसरी गोष्ट, नोकरी जाईपर्यंत थांबायची गरजच नाही. हिंदुस्थान लिव्हर विरुद्ध अशोक विष्णू काटे या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये सांगितलं की, कामावरून काढण्याची तयारी चालू असतानाही याच कायद्याखाली तक्रार करता येते, बडतर्फीचा अंतिम हुकूम हातात पडायलाच हवा असं नाही. कलम ३०(२) खाली अंतरिम आदेशही मागता येतो. सगळा जोर तिथे लावा. आपल्या कामगार न्यायालयांत मूळ तक्रारीचा निकाल लागेपर्यंत तुमचं निवृत्तीचं वय उलटून जाऊ शकतं. तारखांवर तारखा पडतात, न्यायाधीशांची जागा रिकामी असते, साक्षीदार गाव सोडून जातात. हे वर्षानुवर्षं असंच चाललंय आणि त्याचा फायदा नेहमी पगार देणाऱ्यालाच होतो. ३१ मार्चपूर्वी ‘जैसे थे’ मिळालं तर तुम्ही आत राहून भांडाल. नाही मिळालं तर बाहेरून, बिनपगारी.

नवी संहिता आल्यावर या राज्य कायद्याची जागा काय, हा आक्षेप समोरून येणारच. तुमची सही संहिता लागू होण्याआधीची आहे, ही जमेची बाजू. तक्रार कुठल्या न्यायालयात, कुठल्या बाबींखाली लावायची, हे कागद हातात घेऊन बसलेल्या वकिलाने ठरवावं. मुदतीचं कलम हा निव्वळ देखावा आहे, काम बारमाही होतं आणि माणूसही तोच होता, असा युक्तिवाद न्यायालयांनी अनेकदा मान्य केला आहे. पण प्रत्येक वेळी नाही. तुमच्या बाबतीत होईलच, असं मी लिहून देणार नाही.

त्याच कागदात तुमचं पद ‘सुपरवायझर’ लिहिलंय. हेही सहज झालेलं नाही. संहितेप्रमाणे महिना १८,००० रुपयांहून जास्त पगाराचा पर्यवेक्षक ‘कामगार’ ठरत नाही, आणि तुमचा पगार १९,४०० आहे. न्यायालय पदाचं नाव पाहत नाही, हात कुठे चालतात ते पाहतं. म्हणून लूम नंबरपुढे तुमचं नाव असलेली रोजची उत्पादनाची शीट, मशीन बंद पडल्याच्या नोंदी, जे तुमच्या हातात रीतसर येतं त्याचे फोटो घ्या. ऑफिसच्या कपाटातून काही काढू नका, उलट चोरीचा आरोप येईल.

२००४ चं नेमणूकपत्र, जुन्या पगाराच्या स्लिपा, ईएसआयचं कार्ड, पीएफचं पासबुक (नोकरी लागल्याची तारीख त्यात दिसते) एका फाइलमध्ये घरी ठेवा. ग्रॅच्युइटीसाठीही तेच लागेल. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १५,६०० धरले, तर २६ ने भागून १५ ने गुणल्यावर वर्षाला ९,००० रुपये होतात. शेवटचं वर्ष सहा महिन्यांहून जास्त भरलं तर ते पूर्ण धरतात, म्हणून मार्चअखेर २२ वर्षांचे १,९८,०००. नव्या कागदाच्या आधारे ‘तुमची सेवा ऑक्टोबरपासून’ म्हणतील, तेव्हा हे पासबुक पुढे करायचं.

ग्रुपवरचा तो मेसेज फॉरवर्ड करत बसू नका. मूळ फोन जपा, रीसेट करू नका, विकू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे त्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं. ते वकील करून देईल.

कंपनीला एक पत्र उद्याच पाठवा. मराठीत, चार ओळींचं : मी २००४ पासून कायम कामगार आहे, १५ ऑक्टोबरचा मजकूर मला समजावून सांगितला नाही, मुदतीची नेमणूक मला मान्य नाही. स्पीड पोस्टाने, पोच घेऊन, आणि एक प्रत सहायक कामगार आयुक्तांना. यापुढे राजीनामा, ‘स्वेच्छेने’, ‘फुल अँड फायनल’ हे शब्द असलेल्या कशावरही सही नको. घरी बोलावून चहा पाजला तरी नको. राजीनाम्यानंतर वर सांगितलेलं जवळजवळ काहीच उरत नाही.

वकिलाच्या फीची काळजी तुम्ही पत्रात लिहिली आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ मध्ये औद्योगिक कामगाराला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, उत्पन्न कितीही असो. जळगावच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, तिथे अर्ज करा. अकरा जण मिळून गेलात तर उत्तम. चार घाबरून मागे राहिले तरी उरलेल्यांनी थांबू नका, एकट्या कामगारालाही तक्रार करता येते. अर्जावर १३ जानेवारी ही तारीख मोठ्या अक्षरात लिहा आणि नेमलेल्या वकिलाला ती त्याच दिवशी तोंडीही सांगा.