यतीच्या पावलांचे ते फोटो खोटे होते का?

प्रश्न असा आहे: लोकांना यती (हिमालयातला हिममानव), बिगफूट (त्याचा अमेरिकी भाऊबंद) वगैरेंचं एवढं वेड का, आणि 2019 मध्ये भारतीय सैन्याने ट्विटरवर यतीचे म्हणून टाकलेले ठशांचे फोटो खोटे होते का?

आधी फोटो. ते खोटे नव्हते. नेपाळमधल्या मकालू शिखराच्या बेसकॅम्पजवळ ठसे होते, मोजले ते 32 बाय 15 इंच. पण हे माप बर्फातल्या खड्ड्याचं. पायाचं माप त्यावरून काढावं लागतं, आणि ती तसदी न घेता थेट यतीचं नाव दिलं गेलं. माझा राग तिथे आहे.

अस्वल चालताना मागचा पाय पुढच्या पायाच्या ठशावर अर्धवट टाकतं. दोन ठशांचा मिळून एक लांबुळका ठसा होतो आणि चार पायांचं जनावर दोन पायांवर गेल्यासारखं वाटतं. बर्फ भुसभुशीत असेल तर पाय आत जाताना आणि निघताना फरफटतो, तेवढी लांबी आणखी वाढते. मग ऊन लागतं. कडा वितळतात, कोरड्या हवेत बर्फाची थेट वाफ होते, ठसा चारही बाजूंनी पसरतो. नख्यांच्या खुणा बारीक, त्या आधी जातात. शेजारची दोन बोटं एक झाली की माणसासारखा अंगठा तयार! खरी गंमत अशी की अस्वलाचं मोठं बोट बाहेरच्या बाजूला असतं, आपलं आतल्या. त्यामुळे डाव्या पायाला उजवा समजून लोक मोकळे होतात.

ट्रेकला गेलात आणि असं काही दिसलं तर सर्वांत मोठ्या ठशाभोवती गर्दी करू नका, तो बहुधा सर्वांत जास्त वितळलेला असतो. माग काढत खडकाच्या सावलीतला ठसा शोधा. कॅमेरा बरोबर वरून, काटकोनात धरा. तिरका फोटो मापाला निरुपयोगी. मोजपट्टी शक्यतो ठशाच्या तळाच्या पातळीला ठेवा. वर पृष्ठभागावर ठेवली तर ती कॅमेऱ्याला जवळ पडते आणि माप चुकतं. सलग दहा ठसे टिपा, एकाच पायाच्या दोन ठशांमधलं अंतर मोजा, वेळ लिहा. केस सापडले तर चिमट्याने उचलून कागदी पाकिटात ठेवा. प्लास्टिकमध्ये ओल धरते.

आता वेडाबद्दल. माझ्या मते यात जनावरापेक्षा नावाचा हात मोठा आहे. 1921 मध्ये हॉवर्ड-बरीच्या एव्हरेस्ट मोहिमेला ल्हाक्पा ला खिंडीत ठसे दिसले. तो स्वतः ते लांडग्याचे असावेत म्हणत होता. ठसे करणाऱ्यासाठी हमालांचा शब्द होता ‘मेतो-कांगमी’. कलकत्त्याच्या ‘स्टेट्समन’ वृत्तपत्रात लिहिणाऱ्या हेन्री न्यूमनने त्यातल्या ‘मेतो’चा अर्थ ‘घाणेरडा’ असा लावला आणि ‘ॲबॉमिनेबल स्नोमॅन’, म्हणजे किळसवाणा हिममानव, जन्माला आला. ‘बर्फात लांडगा दिसला’ ही बातमी दुसऱ्या दिवशी कोण वाचतो? 1959 पर्यंत नेपाळ सरकारला यतीशोधाच्या परवान्याचे नियम करावे लागले: शुल्क 5000 भारतीय रुपये, जिवंत पकडायला मुभा, मारायचं फक्त स्वसंरक्षणासाठी.

आपल्याकडे तर वेगळाच घोळ. ‘यती म्हणजे संन्यासी, हिमालयातला तपस्वी, आपल्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं’ हे ऐकून ऐकून कान किटले आहेत. संस्कृत ‘यति’ आणि शेर्पांचा ‘येती’ यांचा उच्चार जुळतो, एवढंच. या शब्दाचं मूळ तिबेटीत शोधणारे तो खडक आणि अस्वल या दोन शब्दांपासून आल्याचं सांगतात. म्हणजे नावातच अस्वल! 2017 मध्ये यतीचे म्हणून जपलेले हाडं, दात, कातडी, केस, विष्ठा असे नऊ नमुने डीएनएसाठी तपासले गेले. आठ अस्वलांचे निघाले, एक कुत्र्याचा. तरी ‘मग तपस्व्याचं काय’ विचारणारे आहेतच.

एक गोष्ट कबूल करायला हवी. 1951 मध्ये ब्रिटिश गिर्यारोहक एरिक शिप्टनने मेनलुंग हिमनदीवर आइस ॲक्स (बर्फ फोडायची कुऱ्हाड) मापासाठी शेजारी ठेवून टिपलेला ठसा अस्वलात सरळ बसत नाही. मोठं बोट आतल्या बाजूला दिसतं. मी वितळण्याच्या बाजूने आहे, पण एका ठशाच्या फोटोवरून शपथ घेणार नाही.

आणि शेर्पांचा यती हा वेगळा विषय, त्याला डीएनएने हात लावू नये. नेपाळमधल्या खुमजुंग या शेर्पा गावच्या गोंपात (बौद्ध मठात) यतीची म्हणून टाळू, म्हणजे डोक्याची केसाळ कातडी, जपली आहे. 1960 मध्ये एव्हरेस्टवीर एडमंड हिलरीने ती तपासणीसाठी परदेशी नेली, गावातले खुन्जो चुंबी सोबत गेले. ती सेरोच्या, म्हणजे शेळीसारख्या एका पहाडी जनावराच्या, कातड्याची ठरली. टाळू तरीही गोंपात परत आली आणि तिचा मान आहे तसाच आहे. बघायला गेलात तर देणगी टाका आणि तिथे ‘हे तर सेरो’ म्हणू नका. ते त्यांनी तुमच्या आधी ऐकलेलं आहे.