कोटेशन, थकबाकी आणि हरवलेल्या चौकश्या

वेबसाइट बनवून देण्याचा छोटा व्यवसाय करणाऱ्यांकडून आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्न या अंकात घेतले आहेत.

प्रश्न : आम्ही दोघंच आहोत, मी आणि पगारावर ठेवलेला एक मुलगा. पंधरा पानांच्या साइटचे अठरा हजार घेतो. गावात पाच हजारांत करून देणारेही आहेत, त्यामुळे भाव वाढवायची भीती वाटते. कामं भरपूर आहेत, तरी महिनाअखेरीस खिसा रिकामाच. – एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : कामं भरपूर आणि खिसा रिकामा, याचा सरळ अर्थ असा की प्रत्येक साइट तुम्ही तोट्यात विकताय. आकडे मांडून पाहा. समजा घरखर्चासाठी तुम्ही 45,000 उचलता, मुलाचा पगार 22,000, जागेचं भाडं 8,000, वीज-इंटरनेट 3,500, होस्टिंग आणि सॉफ्टवेअर 4,000, सीएची फी महिन्याला 2,500 आणि अडीअडचणीसाठी 15,000. झाले एक लाख. आता विकण्याजोगे तास मोजा. महिन्याचे कामाचे प्रत्येकी 200 तास धरले तरी तुमचा निम्म्याहून अधिक वेळ फोन, भेटीगाठी, कोटेशन आणि वसुलीत जातो. उरतात 90. मुलाचे, शिकण्यात आणि पुन्हा करण्यात जाणारा वेळ वजा केला की 110. म्हणजे दोघांचे मिळून 200 तास, आणि तासाला 500 रुपये हा फक्त खर्च भागवणारा दर. नफा त्यात नाहीच.

पंधरा पानांच्या साइटला बोलणी आणि आराखडा 8 तास, डिझाइन 14, उभारणी 22, मजकूर-फोटो भरणं 12, तपासणी 6, दुरुस्त्या 8, सर्व्हरवर चढवून ग्राहकाला शिकवणं 4. एकूण 74 तास, म्हणजे 37,000 रुपये. तुम्ही घेता अठरा. आमच्या आकड्यांच्या जागी तुमचे घाला, पण एक महिना दोघांनीही तासांची नोंद खरोखर ठेवा. अंदाजाने लिहिलेले तास नेहमी कमीच भरतात, विशेषतः दुरुस्त्यांचे.

पाच हजारवाल्याला घाबरू नका. तो तयार थीममधला नमुन्याचा मजकूर बदलून देतो, होस्टिंग स्वतःच्या खात्यावर ठेवतो आणि बॅकअप बहुधा घेत नाही. ज्या ब्यूटी पार्लरला पत्ता, फोन आणि नकाशाच हवा आहे त्याला ते पुरतं. उलट त्याला गुगलवरची व्यवसायाची फुकट नोंदच करून द्या आणि मोकळे व्हा. तुमचं गिऱ्हाईक म्हणजे कारखाना, शाळा, रुग्णालय. त्यांच्या कोटेशनमध्ये पानांची संख्या, डिझाइनमधले बदल किती वेळा (दोनदा पुरे), मजकूर कोण लिहिणार, फोटो कोण देणार हे तर लिहाच. शिवाय काय धरलेलं नाही, तेही लिहा. भांडणं त्या न लिहिलेल्या ओळींवरूनच होतात.

आणि एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचा करार, विकायला लागा. महिन्याला एकदा अपडेट, रोजचा बॅकअप वेगळ्या सर्व्हरवर, तीन महिन्यांतून एकदा तो बॅकअप प्रत्यक्ष उघडून पाहणं आणि महिन्याला दोन तासांचे किरकोळ बदल, एवढ्याचे वर्षाला 15,000 आगाऊ. असे सोळा ग्राहक झाले की वर्षाचे 2,40,000, म्हणजे मुलाचा पगार जवळजवळ सुटला. पावसाळ्यात नवी कामं आटली तरी तो बंद पडत नाही.

प्रश्न : साइट तयार होऊन चार महिने झाले. ग्राहक मजकूर देत नाही, म्हणून ती लाइव्ह होत नाही, म्हणून शेवटचे 30 टक्के अडकलेत. दुसऱ्या एका कंपनीने तर साइट वापरायला घेतली, पण बिल सात महिने थकवलंय. – एक वाचक, नाशिक

उत्तर : ही दोन वेगळी दुखणी आहेत.

पहिल्यात हप्ता चुकीच्या खुंटीला बांधलाय. ‘लाइव्ह झाल्यावर 30 टक्के’ असं लिहिलं की पैसे मिळणं ग्राहकाच्या सवडीवर जातं. हप्ते तुमच्या कामाला बांधा : 40 टक्के आगाऊ, 30 टक्के डिझाइन मंजूर झाल्यावर, 20 टक्के चाचणीच्या पत्त्यावर साइट दाखवल्यावर आणि लाइव्ह करण्याच्या आधी फक्त 10. सोबत दोन अटी. मजकूर मागितल्यापासून 15 दिवसांत आला नाही तर नमुना मजकूर घालून टप्पा पूर्ण धरला जाईल आणि बिल निघेल. 60 दिवस काहीच हालचाल नसेल तर काम थांबलं असं समजून पुन्हा सुरू करण्याचे वेगळे पैसे पडतील. आत्ताच्या ग्राहकाला हे पत्राने कळवा आणि मजकूर लिहून देण्याचा वेगळा दर सांगा. खूपदा तो टाळाटाळ करत नसतो. लिहायला बसलं की सुचत नाही, एवढंच असतं.

दुसऱ्यासाठी कायदा आहे, वापरणारे थोडे. 2006 च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) विकास कायद्याप्रमाणे सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल खरेदीदाराने ठरलेल्या मुदतीत द्यायचं असतं आणि करारात काहीही लिहिलं तरी ती मुदत 45 दिवसांपलीकडे नेता येत नाही. मुदत लिहून ठरलीच नसेल तर 15 दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागू होतं. त्यासाठी उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म-लघु उद्योग म्हणून सरकारी नोंदणी, हवी. ती आधार आणि पॅनवर ऑनलाइन, विनाशुल्क होते; पैसे मागणारी संकेतस्थळं दलालांची. मात्र ही नोंदणी काम घेण्याआधीची असावी. भांडण लागल्यावर केलेल्या नोंदणीवर समोरचा वकील पहिलं बोट ठेवतो.

शिवाय आयकरातली तरतूद तुमच्या बाजूची आहे. सूक्ष्म-लघु उद्योगाचं बिल मुदतीत चुकतं केलं नाही, तर ती रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत कंपनीला खर्चात धरता येत नाही. म्हणून मालकाला दहा फोन करण्यापेक्षा उद्यम क्रमांक छापलेलं बिल आणि थकबाकीचं साधं पत्र त्यांच्या अकाउंट्स विभागाला पाठवा. मार्च एंडच्या आधी त्याचा परिणाम जास्त. तरीही हललं नाही तर अशा थकबाकीचे वाद ऐकणाऱ्या सरकारी सुविधा परिषदेकडे ऑनलाइन अर्ज करता येतो. त्याला वर्कऑर्डर, बिल आणि काम पोचल्याचा ईमेल जोडावा लागतो. फोनवर ठरलेल्या कामाला हे तिन्ही कागद नसतात.

प्रश्न : ग्राहक दुसऱ्याकडे चाललाय आणि डोमेन (साइटचं नाव-पत्ता) मागतोय. आम्ही ते आमच्या खात्यावर घेतलं होतं. थकबाकी मिळेपर्यंत अडवून ठेवावं का? – एक वाचक, लातूर

उत्तर : नाही. डोमेनवर त्याच्या धंद्याचं नाव आहे आणि ईमेलही त्यावरच चालतात. ते अडवलंत तर पैशाच्या वादात तुमचीच बाजू लंगडी पडते. लॉक काढा, ऑथ कोड (डोमेन हलवायला लागणारा गुप्त कोड) द्या, थकबाकीचा दावा वेगळा चालवा. नवीन घेतलेलं किंवा नुकतंच हलवलेलं डॉट कॉम डोमेन 60 दिवस दुसऱ्या रजिस्ट्रारकडे (डोमेन नोंदवणाऱ्या कंपनीकडे) सहसा नेता येत नाही, हे त्याला आधीच सांगा. यापुढे डोमेन ग्राहकाच्या नावावर, त्याच्या ईमेलवर, त्याच्या कार्डावर. तुमच्याकडे फक्त तांत्रिक प्रवेश.

डोमेन हलवताना नेमसर्व्हर बदलले जाणार असतील तर आधी त्यांवरच्या जुन्या सर्व डीएनएस नोंदी (साइट आणि ईमेल कुठल्या सर्व्हरवर आहेत ते सांगणाऱ्या) उतरवून घ्या. नवीन ठिकाणी साइटची नोंद होते आणि एमएक्स, म्हणजे ईमेलची नोंद, राहून जाते. मग साइट झकास दिसते, पण कंपनीचे ईमेल बंद.

प्रश्न : एका संस्थेने पन्नास वर्षांचा मजकूर श्रीलिपीत (जुन्या पद्धतीच्या फॉन्टांत) दिलाय. साइटवर टाकला की भलतीच अक्षरं दिसतात. कन्व्हर्टर वापरला तरी चुका राहतात. किती पैसे लावावे? – एक वाचक, सातारा

उत्तर : जुन्या फॉन्टांत ‘क’ हा ‘क’ म्हणून साठवलेला नसतो. इंग्रजी अक्षराच्या जागी त्याचं चित्र बसवलेलं असतं, म्हणून फॉन्ट काढला की इंग्रजी चिन्हांचा खिचडा उरतो. जागांची ही मांडणी फॉन्टगणिक वेगळी असू शकते; त्यामुळे फाइलमध्ये नेमका कोणता फॉन्ट आहे ते आधी पाहा आणि कन्व्हर्टरला तोच सांगा.

सगळं एकदम रूपांतरित करू नका. रफार, पहिली वेलांटी, जोडाक्षरं आणि ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यांतला ऱ्य ज्यांत आहे अशी दोन पानं निवडा. पहिली वेलांटी जुन्या फॉन्टात व्यंजनाच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये (आजच्या सर्वमान्य पद्धतीत) नंतर येते. रफाराचं नेमकं उलटं. म्हणून चुका तिथेच साचतात. एकाच तऱ्हेची चूक ‘शोधा आणि बदला’ने निघते, बाकीच्यांना डोळेच लागतात. मुद्रितशोधन पानाच्या दराने वेगळं लावा आणि अंतिम वाचन संस्थेने सहीनिशी करून द्यावं असं लिहून घ्या. त्या चुका साइटच्या दुरुस्त्यांत धरल्यात तर काम कधीच संपणार नाही.

मांडणीत ओळींमधलं अंतर अक्षराच्या 1.6 पटीच्या खाली नेऊ नका, उकार आणि मात्रा एकमेकांत घुसतात. अक्षरांमधलं अंतर तर वाढवूच नका, शिरोरेषा तुटते. इंग्रजी टेम्पलेटमधल्या शीर्षकांत ते हमखास वाढवलेलं असतं. पानाची भाषा मराठी म्हणून घोषित करा, म्हणजे ज्या फॉन्टांत सोय आहे त्यांत ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे येतात. मुक्त फॉन्टांत ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा ‘मुक्ता’ मजकुराला चांगला. साधा आणि ठळक, दोनच प्रकार चढवा.

प्रश्न : वर्षाला चौदा लाखांची बिलं होतात, एक ग्राहक दुबईचा आहे. जीएसटी घ्यावा लागेल का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : सेवांसाठी महाराष्ट्रात नोंदणीची मर्यादा वर्षाला 20 लाख, आणि दुबईचं बिल त्या बेरजेत धरायचं. नोंदणी नसताना बिलात जीएसटी लावू नका. मर्यादा ओलांडली की इथल्या ग्राहकांना 18 टक्के. परदेशी ग्राहकाला कर न लावता बिल द्यायचं असेल तर नोंदणीनंतर दर आर्थिक वर्षी एलयूटी (हमीपत्र) भरावा लागतो आणि पैसे परकीय चलनात आल्याचा बँकेचा दाखला जपावा लागतो. ग्राहकांचं होस्टिंग स्वतःच्या बिलात घालण्याची सवय असेल तर सोडा. त्यात तुमचं उत्पन्न नसतं, पण उलाढाल फुगते.

प्रश्न : होमस्टेच्या साइटवरचा चौकशी फॉर्म ‘पाठवला’ म्हणतो, पण मालकाला ईमेल येत नाही. हंगामात यावरून खूप बोलणी खाल्ली. – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : पहिलं कारण ‘प्रेषक’ या रकान्यात असतं. फॉर्म भरणाऱ्याचा जीमेल पत्ता तिथे टाकला, की जीमेलच्या नावाचं पत्र तुमच्या होस्टिंगवरून निघतं. घेणारा सर्व्हर त्याला तोतया समजून स्पॅममध्ये टाकतो किंवा गिळून टाकतो. प्रेषक म्हणून साइटच्याच डोमेनचा पत्ता ठेवा, पाहुण्याचा पत्ता ‘उत्तर इथे पाठवा’ या रकान्यात द्या आणि पत्र एसएमटीपीने, म्हणजे खऱ्या ईमेल खात्यातून, पासवर्डसह पाठवा. मग एसपीएफ नोंद (तुमच्या डोमेनच्या नावाने पत्र कोण पाठवू शकतो ते सांगणारी) तपासा. ती एकच असावी. दोन झाल्या की दोन्ही निकामी. डीकेआयएम (पत्रावरची डिजिटल सही) सुरू करा.

एवढं करूनही फक्त मालकाच्याच पत्त्यावर येत नसेल आणि त्याचा ईमेल गुगलकडे असेल, तर सीपॅनेलमधलं (होस्टिंगच्या नियंत्रण पानातलं) ईमेल राउटिंग पाहा. ते ‘लोकल’वर असेल तर सर्व्हर पत्र बाहेर पाठवतच नाही, स्वतःच्याच, कुणी न उघडणाऱ्या पेटीत टाकतो. ‘रिमोट’ करा. तुमच्या पत्त्यावर चाचणी केली की सगळं ठीक दिसतं, म्हणून हा दोष महिनोन्महिने लपून राहतो. अडकलेली पत्रं त्या पेटीत असतील, ती आधी काढून मालकाला द्या. प्रत्येक चौकशी डेटाबेसमध्येही साठवा आणि हंगामाच्या आधी दर सोमवारी एक चाचणी चौकशी थेट मालकाच्या पत्त्यावर पाठवून ती पोचल्याचं त्याच्याकडून विचारून घ्या.