जुनं फेवर ल्युबा घेण्याआधी

डायलवरचं नाव एकच असलं, तरी घड्याळ एकाच घरचं असेल असं नाही, हे आधी पक्कं लक्षात घे. फेवर ल्युबा ही स्विस घड्याळ कंपनी १७३७ची. आजोबांच्या पिढीच्या मनगटावर दिसायचं ते चावीचं सी किंग किंवा सी चीफ, तेव्हा कंपनी मूळ घराण्याकडेच होती. क्वार्ट्झच्या, म्हणजे बॅटरीवर चालणाऱ्या घड्याळांच्या, लाटेत ती त्यांच्या हातून गेली आणि मालक बदलत राहिले. २०११मध्ये टायटनने घेतली, आता ती एथॉस या घड्याळं विकणाऱ्या भारतीय कंपनीच्या समूहाकडे आहे. म्हणून ‘ब्रँड चांगला आहे का?’ असं विचारू नकोस. घड्याळ कोणत्या काळातलं, ते विचार.

जुनं घेणार असशील तर मागचं झाकण उघडून मशीन पाहिल्याशिवाय पैसे देऊ नकोस. ऑनलाइन दिसणाऱ्या निळ्या-केशरी चकचकीत डायल बऱ्याचदा मुंबईत पुन्हा रंगवलेल्या असतात. अक्षरं जाड आणि वेडीवाकडी दिसली की समज. मला तर डाग पडलेली मूळ डायलच प्रिय आहे!

आणि घरात आजोबांचं घड्याळ पडून असेल तर बाजारात जाऊच नकोस. जाणत्या कारागिराकडून मशीन साफ करून तेल घालून घे. केसला, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या धातूच्या डबीला, पॉलिश मात्र अजिबात करू देऊ नकोस, कडा झिजतात आणि त्या परत येत नाहीत.