पानाचे स्थानांतरण की नामांतर?

मराठी विकिपीडियावर एका लेखाच्या शीर्षकातली ऱ्हस्व-दीर्घाची चूक सुधारायला गेलेल्या मैत्रिणीला तिथे 'स्थानांतरण' असा पर्याय दिसला. तिचा प्रश्न : पान तर जागचे हलत नाही, नावच बदलते. मग सरळ 'नामांतर' का म्हणत नाहीत?

यंत्राच्या आत डोकावले तर तिचेच खरे आहे. विकिपीडिया ज्या मीडियाविकी प्रणालीवर चालतो, तिच्यात प्रत्येक पानाला एक क्रमांक असतो. शीर्षक बदलले तरी तो क्रमांक आणि संपादनांचा इतिहास पानापाशीच राहतो. वाचकाला मात्र क्रमांक दिसत नाही. त्याच्या लेखी शीर्षक हाच पत्ता. तो बदलला की पान दुसरीकडे गेले. जुन्या पत्त्यावर सहसा पाटी उरते, 'दुकान समोरच्या गल्लीत हलवले आहे' अशी. तिला तिथे 'पुनर्निर्देशन' म्हणतात. इंग्रजीत या क्रियेला 'मूव्ह' म्हणतात, त्याचेच हे 'स्थानांतरण'. (साधे 'हलवा' लिहिले असते तर निम्म्या लोकांना गाजर आठवले असते आणि कोकणातल्यांना मासा.)

मला खटकतो तो शेवटचा 'ण'. समासात 'अंतर' म्हणजे दुसरा : अन्य स्थान ते स्थानांतर, अन्य भाषा ती भाषांतर. मराठीत एवढ्यावरच क्रियेचा अर्थ येतो. आपण भाषांतर करतो, वेषांतर करतो, रूपांतर करतो. हिंदीत मात्र धर्मांतरण, रूपांतरण, स्थानांतरण असे शब्द सर्रास चालतात. तिथे सरकारी नोकराचेही 'स्थानांतरण' होते, आपल्याकडे त्याची बदली होते. 'हस्तांतरण' मराठीत रुळले आहे हे कबूल, पण म्हणून प्रत्येक 'अंतर'ला शेपूट लावायची गरज नाही. 'स्थानांतर' पुरे. 'स्थलांतर' नको, ते माणसांचे आणि पक्ष्यांचे.

आता 'नामांतर'. अर्थाने चुकीचा नाही, पण महाराष्ट्रात तो कोरा शब्द राहिलेला नाही. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात 27 जुलै 1978 रोजी झाला आणि प्रत्यक्ष नाव 14 जानेवारी 1994 रोजी मिळाले. मधली जवळपास साडेपंधरा वर्षे, तो लढा आणि त्यातले बळी या एका शब्दात आहेत. अखेर 'मराठवाडा' कायम ठेवून आंबेडकरांचे नाव जोडले, म्हणून त्या निर्णयाला 'नामविस्तार' म्हणतात. एवढा काटेकोर भेद करणाऱ्या भाषेत वेलांटी सुधारण्याला 'नामांतर' म्हणणे मला जड वाटते.

शिवाय नामांतर वस्तूचे होते, शीर्षक लेखाचे बदलते. 2023 मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले, ते शहराचे नामांतर. त्यावरच्या लेखाचे शीर्षक कधी आणि काय करायचे, हा संपादकांनी चर्चापानावर ठरवायचा वेगळा प्रश्न. त्याला बोलताना मी 'शीर्षकबदल' म्हणते. 'पुनर्नामकरण'ही कानावर येते, पण नामकरण म्हटले की मला पाळणाच दिसतो.

जाता जाता, 'पुनर्निर्देशन'मधला पहिला रफार दुसऱ्या 'न'वर आहे, पहिल्यावर नव्हे. 'पुर्ननिर्देशन' ही चूक इतकी पसरलेली, की मीडियाविकीच्या मराठी आज्ञांत तीही नोंदवून ठेवली आहे. चुकीचे लिहिले तरी पाटी चालते.