शनिवार-रविवारची भटकंती आखा परतीच्या वेळेपासून

शनिवारी सकाळी पोहण्याचा क्लास, तिथून परस्पर किराणा, दुपारी कुणाचा तरी वाढदिवस आणि रविवारी मराठी शाळा सुटली की प्राणिसंग्रहालय. परदेशात मदतीला आजी-आजोबा जवळ नाहीत आणि आठवड्याचे कपडेही याच दोन दिवसांत धुवायचे. अशा वेळापत्रकात तीन वर्षांचं मूल तिसऱ्या ठिकाणी पोचल्यावर जमिनीवर लोळण घेतं आणि सगळे त्याला हट्टी म्हणतात. बहुतेक वेळा ते फक्त झोपेला आलेलं असतं.

मूल पाच वर्षांखालचं असेल तर दिवसाला घराबाहेरचा एकच मोठा कार्यक्रम ठेवा, आणि तो दुपारच्या झोपेपासून उलटा मोजत आखा. एक ते दोन वर्षांच्या मुलाला चोवीस तासांत ११ ते १४ तास झोप लागते, तीन ते पाच वर्षांच्या मुलाला १० ते १३. यात दुपारची झोप धरलेली आहे. समजा, मूल एक वाजता झोपतं आणि घर अर्ध्या तासावर आहे. पाऊण वाजता घरी पोचायचं तर सव्वाबाराला गाडी निघाली पाहिजे. शू, बूट, पार्किंगपर्यंतची चाल आणि सीटचे पट्टे यांत वीस मिनिटं सहज जातात. म्हणजे पाच कमी बाराला आवरायला घ्यायचं आणि पावणेबाराला मुलाला सांगून ठेवायचं, ‘अजून दोनदा घसरगुंडी, मग निघायचं.’ ‘दहा मिनिटांत’ म्हटलेलं या वयात कळत नाही, दोनदा म्हटलेलं कळतं. ठिकाण दहाला उघडत असेल तर हातात पावणेदोन तास उरतात, आणि लहान मुलाला तेवढे पुरतात.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो परतीच्या वाटेवर. मूल गाडीत दहा मिनिटं डुलकी काढतं, घरी आल्यावर टक्क जागं होतं आणि मग संध्याकाळभर किरकिर. तेवढ्या डुलकीने झोपेची निकड संपते, पण थकवा तसाच राहतो. यावर उपाय दोनच. घर जवळ असेल तर खाऊ, गाणी, उघडी खिडकी, काहीही करून मुलाला जागं ठेवायचं. नाहीतर मुद्दाम तासभर लांबचं ठिकाण निवडायचं आणि सगळी झोप गाडीतच होऊ द्यायची. तान्हं बाळ मात्र घरी आल्यावर कार सीटमध्येच झोपवून ठेवू नका. मान पुढे झुकून श्वास अडू शकतो, तेव्हा उचलून पाळण्यात ठेवा. आणि ‘झोपलंय तर झोपू दे’ म्हणून बंद गाडीत एकटं तर कधीच सोडू नका. उन्हाच्या दिवशी गाडीतलं तापमान दहा मिनिटांत साधारण १० अंश सेल्सिअसने वाढू शकतं.

थंड देशांत नव्याने आलेल्यांची एक चूक नेहमी दिसते: जाड जॅकेट घातलेलं मूल तसंच कार सीटमध्ये बसवलं जातं. अपघाताच्या धक्क्यात जॅकेटमधली हवा दबते, पट्टे सैल पडतात आणि मूल त्यातून निसटू शकतं. घरी करून बघा. जॅकेटसकट मुलाला बसवून पट्टे घट्ट करा. मग पट्ट्यांची लांबी न बदलता मुलाला उतरवा, जॅकेट काढा आणि पुन्हा बसवा. जो ढिलेपणा दिसेल तोच धक्क्याच्या वेळी असतो. म्हणून जॅकेट काढून पट्टे लावायचे, खांद्याजवळ पट्ट्याची चुणी चिमटीत येईनाशी होईपर्यंत ओढायचे आणि मग वरून पांघरूण घालायचं, किंवा तेच जॅकेट उलटं करून हात त्यात घालायचे.

बर्फात खेळायला जायचं असेल तर आधी मोठ्यांनी कपडे करावेत, मुलांचे सगळ्यात शेवटी. आधी तयार केलेलं मूल हीटर चालू असलेल्या घरात घामाघूम होतं आणि तोच घाम बाहेर गार पडतो. सुती कपडे चांगले हे आपल्या मनात पक्कं बसलेलं असतं, पण इथे अंगालगत सुती नको. सूत घाम धरून ठेवतं. लोकरी किंवा पॉलिएस्टरचे थर्मल घाला. शू झाल्याशिवाय स्नो-पँट चढवायची नाही. चारही बोटं एकत्र राहतात असे हातमोजे जास्त ऊब देतात. त्यांची एक जोडी जास्तीची घ्या, कारण पहिली अर्ध्या तासात भिजतेच.

बॅग रात्रीच भरा. दर दोन तासांना एक डायपर आणि वर दोन जास्तीचे. मुलाचे कपडे दोन जोड, आणि मोठ्यांसाठीही एक टी-शर्ट, कारण उलटी होते ती कडेवर घेतलेल्याच्या अंगावर. ओल्या कपड्यांसाठी झिपच्या पिशव्या घ्या. द्राक्षं उभी चिरून चार फोडी करून न्या. अख्खं द्राक्ष घशात बरोब्बर अडकतं. अख्खा सुकामेवा आणि पॉपकॉर्नही या वयात नकोच. सनस्क्रीन एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्त, निघायच्या पंधरा मिनिटं आधी लावायचं आणि दर दोन तासांनी पुन्हा. सहा महिन्यांखालच्या बाळाला मुख्यतः सावली आणि अंगभर कपडे. शिवाय एक चिकट कागदांचं छोटं पॅड. सार्वजनिक स्वच्छतागृहांत आपोआप होणाऱ्या फ्लशच्या आवाजाला मुलं इतकी घाबरतात की पुढे बाहेर शू करायलाच नकार देतात. कमोडमागच्या सेन्सरवर कागद चिकटवला की मूल उठेपर्यंत फ्लश होत नाही.

गर्दीच्या ठिकाणी आत शिरण्यापूर्वी मुलाचा एक फोटो काढा, म्हणजे आज अंगात कोणते कपडे आहेत ते आठवत बसावं लागणार नाही. घरी फक्त मराठी बोलणारं मूल घाबरलं की मराठीतच बोलतं. ‘आई कुठंय?’ यातून तिथल्या कर्मचाऱ्याला काहीच कळत नाही. स्वतःचं पूर्ण नाव, आई-बाबांची खरी नावं आणि ‘मी हरवलोय’ किंवा ‘मी हरवलेय’ हे वाक्य तिथल्या भाषेत पाठ करून घ्या. फोन नंबर मनगटावर पेनाने लिहा. मदत मागायची ती काउंटरवरच्या माणसाकडे किंवा मुलं सोबत असलेल्या बाईकडे, हेही शिकवा. मूल दिसेनासं झालं आणि जवळ तळं किंवा पोहण्याचा तलाव असेल तर आधी पाण्याकडे धावा, बाकीचा शोध नंतर. तातडीचा नंबर देशागणिक वेगळा असतो, सहलीला सीमा ओलांडलीत की तो बदलू शकतो: युरोपीय संघात ११२, अमेरिका-कॅनडात ९११, ऑस्ट्रेलियात ०००, न्यूझीलंडमध्ये १११.

वाढदिवसाच्या आमंत्रणाला होकार देतानाच दोन गोष्टी विचारून घ्या: धाकट्या भावंडाला आणलं तर चालेल का, आणि पालकांनी थांबायचं की सोडून जायचं. आपल्याकडे सगळं घर येतं हे गृहीतच असतं, पण परदेशात बरेचदा माणशी बुकिंग केलेलं असतं. ट्रॅम्पोलिनच्या ठिकाणी पार्टी असेल तर तळव्याला रबराचे ठिपके असलेले मोजे लागतात, तेही विचारा.

प्राणिसंग्रहालयाचं किंवा संग्रहालयाचं वार्षिक सभासदत्व घ्यावं का? जवळचं ठिकाण असेल तर घ्यावं. दिवसाचं तिकीट काढलं की पैसे वसूल करण्याच्या नादात दमलेल्या मुलाला आणखी दोन तास फिरवलं जातं. सभासदत्व असलं की माकडं बघून तासाभरात घरी येता येतं. दर वेळी दोघांनी जायलाच हवं असंही नाही. एकाने मुलांना न्यावं, दुसऱ्याने तेवढ्या वेळात कपडे, स्वयंपाक आणि किराणा उरकावा. पुढच्या आठवड्यात अदलाबदल. रविवारची दुपार मात्र दोघांनीही मोकळी ठेवा, तेव्हा कुणालाही हो म्हणू नका.

घरी आल्यावर बाकी पसारा राहिला तरी चालेल, ओल्या कपड्यांची पिशवी मात्र त्याच संध्याकाळी रिकामी करा आणि लगेच बॅगेत डायपर भरून ठेवा. सोमवारी पाळणाघरात जाताना तीच बॅग लागणार असते.