रोझेशिया, डेमोडेक्स माइट आणि त्यांच्या शरीरातील जिवाणू

माइटच्या (त्वचेवर राहणाऱ्या अतिसूक्ष्म कीटकसदृश जीवाच्या) शरीरात राहणारे जिवाणू हेच रोझेशियाचे, म्हणजे चेहऱ्यावर लाली व पुटकुळ्या आणणाऱ्या दीर्घकालीन त्वचारोगाचे, खरे कारण आहे काय, आणि असल्यास माइट व जिवाणू दोन्ही समूळ नष्ट केल्याने आजार कायमचा जाईल काय, असे आपण विचारले आहे. माझ्या समजुतीप्रमाणे काही रुग्णांमध्ये या जिवाणूंचा दाहाला हातभार लागत असावा, परंतु तेवढ्यावरून त्यांना मूळ कारण म्हणता येत नाही. चेहरा पूर्णपणे माइटमुक्त करण्याचा प्रयत्न तर आपण करूच नये, असे मी आग्रहाने सांगेन.

डेमोडेक्स माइट जवळजवळ प्रत्येक प्रौढ माणसाच्या चेहऱ्यावर असतात. डेमोडेक्स फॉलिक्युलोरम ही सुमारे 0.3 ते 0.4 मिलिमीटर लांबीची जात रोमकूपांत, तर तिच्याहून आखूड असलेली डेमोडेक्स ब्रेव्हिस तैलग्रंथींत राहते. निरोगी त्वचेवर त्यांची संख्या सहसा प्रति चौरस सेंटिमीटर 5 पेक्षा कमी असते. पुटकुळ्या असलेल्या रोझेशियात ती बरीच वाढलेली आढळते. मात्र दाहामुळे बदललेली त्वचा माइटांना अधिक मानवते म्हणून ते वाढतात, की ते वाढल्यामुळे दाह होतो, याचा निर्णय केवळ संख्येवरून करता येत नाही.

जिवाणूंचा विषय इथेच महत्त्वाचा ठरतो. आयर्लंडमधील संशोधकांनी रोझेशियाच्या एका रुग्णाच्या चेहऱ्यावरील माइटमधून बॅसिलस ओलेरोनियस हा जिवाणू वेगळा केला आणि 2007 मध्ये त्यासंबंधीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. (हा जिवाणू त्याआधी वाळवीच्या आतड्यात सापडला होता, नव्या वर्गीकरणात त्याची प्रजाती बदलून हेंड्रिक्सिया झाली आहे, त्यामुळे वाचताना दोन्ही नावे भेटतील.) या जिवाणूची प्रथिने रक्तातील पांढऱ्या पेशींसमोर ठेवली असता 22 पैकी 16 रुग्णांच्या पेशींनी प्रतिसाद दिला, तर रोझेशिया नसलेल्या 17 जणांपैकी केवळ 5 जणांच्या. हा फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही. पण त्या 5 जणांना विसरू नका आणि प्रतिसाद न देणाऱ्या 6 रुग्णांनाही विसरू नका, कारण जिवाणू हेच एकमेव कारण असते तर असे चित्र दिसले नसते. शिवाय पेशींनी एखादे प्रथिन ओळखले म्हणजे आजाराची सुरुवात त्यापासूनच झाली, असे सिद्ध होत नाही. दाहामुळे रोमकूपाची भिंत कमजोर झाल्यानंतर ते प्रथिन पहिल्यांदा आत पोहोचले, असेही असू शकते.

प्रस्तावित यंत्रणा अशी आहे की माइट रोमकूपातच मरतो, त्याचे शरीर विघटित होते, आतील जिवाणूंची प्रथिने बाहेर पडतात आणि न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशी तिकडे ओढल्या जाऊन दाह वाढवतात. ज्यांच्या त्वचेत कॅथेलिसिडिन हे संरक्षक प्रथिन मुळातच जास्त प्रमाणात व सदोष रूपात तयार होते, त्यांच्यात हीच ठिणगी मोठा भडका उडवू शकते. मला हे स्पष्टीकरण पटते, कारण सर्वांच्या चेहऱ्यावर माइट असूनही आजार मोजक्यांनाच का होतो, याचे उत्तर त्यात मिळते.

डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाने बरे वाटते म्हणजे जिवाणूच दोषी, हा आपला तर्क मात्र टिकत नाही. दिवसाला 40 मिलिग्रॅमची जी मंद गतीने विरघळणारी मात्रा रोझेशियासाठी वापरली जाते, ती जिवाणू मारण्यास अपुरी असते आणि तरीही पुटकुळ्या कमी करते, कारण हे औषध दाहही शमवते. आयव्हरमेक्टिनच्या 1 टक्का क्रीमचेही तसेच आहे: ते माइट मारते, पण दाहावरही काम करते. 16 आठवडे चाललेल्या तुलनात्मक चाचणीत त्याने पुटकुळ्या सरासरी 83 टक्क्यांनी, तर मेट्रोनिडाझोल या जिवाणूविरोधी औषधाच्या क्रीमने सुमारे 74 टक्क्यांनी कमी केल्या. मेट्रोनिडाझोल माइटांना फारसे मारत नाही, तरी त्याचा परिणाम एवढा जवळ येतो, याचा अवश्य विचार करावा.

म्हणून उपचाराचे उद्दिष्ट माइटांची संख्या आणि दाह आटोक्यात आणणे एवढेच असावे. टी ट्री तेल (एक तीव्र वनस्पतिजन्य तेल) पातळ न करता चेहऱ्यावर चोळणे, दिवसातून अनेकदा तीव्र साबणाने धुणे किंवा जुनी प्रतिजैविके स्वतःहून सुरू करणे यांमुळे त्वचेचा संरक्षक थर आणखी कमजोर होतो. त्याहून घातक म्हणजे लाली पटकन उतरते म्हणून स्टेरॉइड क्रीम लावत राहणे: त्याने स्थानिक प्रतिकार दबतो, माइट वाढतात आणि क्रीम थांबवताच दाह अधिक जोराने परततो. स्टेरॉइड असलेली अशी एखादी मिश्र क्रीम आपण वापरत असाल, तर ती एकाएकी बंद न करता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

आपण डोळ्यांत वाळू गेल्यासारखे वाटते, असेही लिहिले आहे. पापण्यांच्या ग्रंथींत डेमोडेक्स ब्रेव्हिस राहतो, आणि पापण्यांच्या कडांचा दाह असलेल्या रुग्णांच्या रक्तात बॅसिलस ओलेरोनियसच्याच प्रथिनांविरुद्धचा प्रतिसाद 2010 च्या एका अभ्यासात आढळला होता. चेहऱ्याची क्रीम पापण्यांवर लावू नका. नेत्रतज्ज्ञांकडून पापण्यांच्या कडा तपासून घ्या, आणि दुखणे, प्रकाश सहन न होणे किंवा धूसर दिसणे यांपैकी काही असेल, तर त्याच दिवशी जा, कारण रोझेशियात बुबुळालाही इजा होऊ शकते.