कठवाड्याला पहिल्यांदा जाताय? मग हे वाचा

अहमदाबादजवळ कठवाड्याला प्राणलाल भोगीलाल यांचं ऑटो वर्ल्ड हे जुन्या गाड्यांचं संग्रहालय आहे, शंभरच्या आसपास गाड्या, त्यामुळे सगळ्याच बघायच्या नादात पळापळ करू नका, पाच-सहा निवडा आणि निवांत बघा. रोल्स रॉइसपाशी मात्र थांबाच! दुसऱ्या महायुद्धाआधी कंपनी फक्त चासी (गाडीचा खालचा सांगाडा) आणि इंजिन द्यायची, बॉडी हूपर, बार्करसारखे कोचबिल्डर वेगळी बनवायचे, म्हणून एकाच मॉडेलच्या दोन गाड्या पण वेगळ्या दिसतात. दार उघडं असेल तर खाली पायापाशी वाकून बघा, कोचबिल्डरच्या नावाची छोटी पट्टी असते बऱ्याचदा. हात लावू नका हं, घामाने निकेलच्या मुलाम्यावर डाग पडतात. आणि उन्हाळ्यात सकाळीच गाठा, दुपारचं तिकडचं ऊन भाजून काढतं.